दमट हवेतले मॉड्युलर स्वयंपाकघर : कोकणातील घरासाठी आखणी

मॉड्युलर स्वयंपाकघर म्हणजे कारखान्यात ठरावीक मापांनी कापून तयार केलेली खोकी, त्यांना बसवलेली दारे आणि सरकते खण, त्यांवर सलग दगडी ओटा, आणि चिमणी, हॉब (ओट्यातच बसवायची शेगडी), ओव्हन यांसारखी उपकरणे त्याच मांडणीत बसवण्याची सोय. सुताराने घरी येऊन केलेल्या कपाटांहून हे काम दोन बाबतींत वेगळे असते : प्रत्येक खोके सुटे असल्यामुळे बिघडले तर तेवढेच बदलता येते, आणि सगळी मापे आधी कागदावर पक्की होऊन मगच सामान घरात येते. दुकानात मांडलेले नमुने पाहताना लक्ष साहजिकच दारांच्या रंगाकडे आणि चकाकीकडे जाते. परंतु अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीवर स्वयंपाकघर किती वर्षे टिकेल हे दाराच्या रंगावर ठरत नाही. ते खोक्याच्या आतल्या फळीवर, फळीच्या कापलेल्या कडेवर, बिजागरीच्या धातूवर आणि कपाटामागे खेळणाऱ्या हवेवर ठरते. म्हणून या लेखात आखणीचा क्रम मुद्दाम आतून बाहेर असा ठेवला आहे, आणि पैसे कमी पडत असतील तर ते दिसणाऱ्या भागातून वाचवावेत, न दिसणाऱ्या भागातून नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

ओल कुठून येते

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस इतकी जास्त राहते की पुसलेला ओटाही लवकर सुकत नाही. त्यात समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात आणि धातूवर बसतात. मीठ हवेतले पाणी ओढून घेते, त्यामुळे पाऊस नसतानाही त्या धातूवर खाऱ्या पाण्याचा अगदी पातळ थर टिकून राहतो आणि गंज आतल्या आत चालू राहतो. किनाऱ्यालगतच्या घरात मुंबईहून आणलेली साधी बिजागरी दुसऱ्याच पावसाळ्यात तांबूस दिसू लागते, त्याचे कारण हे आहे.

दुसरा मार्ग भिंतीचा. आपल्याकडची जुनी घरे आणि पुष्कळशी नवी घरेही जांभ्या चिऱ्याची असतात. जांभा सच्छिद्र असतो. नैर्ऋत्येकडून येणारी पावसाची झड ज्या भिंतीवर सतत बसते ती भिंत आतून दमट होते, आणि त्याच भिंतीला कपाटाची पाठ चिकटून असली तर तिथे बुरशी धरते. जमिनीतून चढणारी ओल आणि तिच्यासोबत येणारी वाळवी हा याच मार्गाचा खालचा फाटा.

तिसरा मार्ग सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे शेगडी. स्वयंपाकाचा गॅस जळतो तेव्हा त्यातल्या हायड्रोजनचे पाणी होते आणि ते वाफेच्या रूपाने खोलीत पसरते. एक किलो गॅस जळल्यावर साधारण दीड किलोहून थोडे अधिक पाणी तयार होते. त्या हिशेबाने १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत जवळजवळ २२ लिटर पाणी वाफ होऊन स्वयंपाकघराच्या हवेत मिसळलेले असते. भाताची, डाळीची आणि मोदकपात्राची वाफ त्याहून वेगळी. उन्हाळ्यात ही वाफ खिडकीबाहेर जाते, मात्र श्रावणात झडीमुळे खिडक्या बंद असताना ती वरच्या कपाटांच्या तळाशी आणि आतल्या बाजूला थंड होऊन बसते. या तिन्ही वाटा ध्यानात ठेवल्या की पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सुचतात.

मांडणी : किती माणसे, उभी की बसलेली

ठरीव मापांच्या स्वयंपाकघराचा एक प्रसिद्ध आरंभ जर्मनीत झाला. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार स्त्रीने फ्रँकफुर्टमधील कामगार वसाहतींसाठी सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब असे स्वयंपाकघर आखले. त्यात एकटी स्त्री कमीत कमी पावले टाकून काम उरकू शकेल, असा विचार होता. पुढे १९४० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात ‘कामाचा त्रिकोण’ हा नियम रूढ झाला : शेगडी, सिंक आणि फ्रीज हे तीन बिंदू मानावेत, त्यांतले प्रत्येक अंतर सुमारे चार ते नऊ फूट असावे आणि तिन्ही अंतरांची बेरीज तेरा ते सव्वीस फुटांच्या दरम्यान राहावी. अंतर याहून कमी असले तर दाटी होते आणि जास्त असले तर पायपीट होते. नियम चांगला आहे, परंतु तो एका वेळी एकच माणूस स्वयंपाक करतो असे धरून चालतो.

कोकणातल्या घरात वर्षातले काही दिवस असे असतात की स्वयंपाकघरात चार-पाच बायका एकदम काम करतात. गणपतीत एकीकडे नारळ खवला जात असतो, दुसरीकडे उकड मळली जात असते, कोणी जमिनीवर बसून मोदक वळत असते आणि कोणी अळूची पाने निवडत असते. मे महिन्यात फणसाचे गरे काढण्याचे काम ओट्यावर होत नाही, ते जमिनीवरच होते. त्यामुळे खोली मोठी असली तर तिच्या मधोमध सुटा ओटा बांधण्याचा मोह टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. मधली जागा मोकळी राहिली तर तिथे चार माणसे बसतात आणि सुटा ओटा झाला तर त्याच्याभोवती दोघीही धड उभ्या राहू शकत नाहीत. समोरासमोर दोन ओटे असतील तर त्यांच्यामध्ये किमान साडेतीन ते चार फूट अंतर ठेवावे, म्हणजे एकीने खालचा खण उघडला तरी दुसरीला मागून जाता येते.

खोली अरुंद आणि लांब असेल तर समोरासमोरचे दोन ओटे सोयीचे पडतात, चौरस असेल तर काटकोनातला ओटा, आणि तीन भिंती मोकळ्या असतील तर तिन्ही बाजूंचा. मागील दार ज्या भिंतीत असेल ती भिंत मोकळीच सोडावी. मासे साफ करण्याचे काम त्या दाराबाहेर, पडवीत किंवा मोरीत एक खोल सिंक बसवून करावे. बांगड्याचे पाणी आणि खवले आतल्या सिंकच्या नळीत गेले की वास कपाटात मुरतो, आणि नळी तुंबली तर खोके भिजते. घर लहान असून बाहेर जागा नसेल तर आतलेच सिंक नऊ-दहा इंच खोल घ्यावे आणि त्याच्या तोंडाशी गाळणीची टोपली ठेवावी.

ओट्याची उंची मात्र दुकानदाराच्या तक्त्यावरून ठरवू नये. जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिने उभे राहून हात कोपरात वाकवावा, जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करावे. पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या स्त्रीसाठी हे माप ३२ ते ३४ इंच भरते, तर बाजारातली तयार खोकी ३४ ते ३६ इंचांची उंची धरून केलेली असतात. यात आणखी एक बारकावा आहे. ओट्यावर ठेवायची शेगडी असेल तर तिची स्वतःची चार-सहा इंच उंची मिळवावी लागते आणि मोठा टोप त्यावर चढला की आत डोकावायला टाचा उचलाव्या लागतात. ओट्यात बसवलेल्या हॉबमुळे हा प्रश्न बराच कमी होतो. ओट्यावर ठेवण्याचीच शेगडी घ्यायची असेल तर तेवढाच भाग तीन-चार इंच खाली घेता येतो. भाकरी थापण्यासाठीही असाच थोडा खालचा भाग लागतो, कारण थापताना वरून जोर द्यावा लागतो.

आणि हे सगळे ठरवण्याआधी घरातली भांडी मोजून घ्यावीत. मोदकपात्र, सर्वांत उंच डबा, तांदळाची मोठी कोठी, बिडाचे तवे, मिक्सरची भांडी, सणासुदीचे टोप, या प्रत्येकाची उंची आणि व्यास वहीत लिहून खणांची मापे त्यावरून काढावीत. खण आधी आणि भांडी मागाहून असा क्रम झाला की निम्मी भांडी पुन्हा माळ्यावर जातात.

खोके : फळी आणि तिची कड

खालच्या कपाटांच्या खोक्यांसाठी मुख्यतः पाच प्रकारचे साहित्य मिळते. लाकडाचा भुसा किंवा चिपा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड सर्वांत स्वस्त असतो आणि पाणी लागताच फुगतो, आणि एकदा फुगलेला बोर्ड पुन्हा पूर्ववत होत नाही. लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला, त्याहून घट्ट असलेला एमडीएफ गुळगुळीत असतो, पण पाण्यापुढे तोही टिकत नाही. ओलावा सहन करण्यासाठी जास्त घनतेने बनवलेले एचडीएचएमआर बोर्ड या दोन्हींपेक्षा बरेच चांगले असतात आणि दारांसाठी वापरायला हरकत नाही. चौथा प्रकार प्लायवूडचा आणि पाचवा लाकडाचा भुसा व प्लास्टिक यांच्या मिश्रणाच्या डब्ल्यूपीसी फळीचा.

प्लायवूड घेताना त्याच्या डिंकाची चौकशी करावी, कारण पाण्यात सुटतो तो थरांमधला डिंक. साध्या, ओलावा-रोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या प्लायमध्ये युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिन असते आणि ते दीर्घ काळच्या दमटपणात, विशेषतः गरम वाफेत, हळूहळू सुटते. भारतीय मानक आयएस ७१० प्रमाणे बनलेल्या, मरीन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्लायमध्ये फिनॉल-फॉर्मल्डिहाइड रेझिन असते, आणि नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही थर सुटता कामा नयेत अशी त्याची कसोटी आहे. किनाऱ्यावरच्या घरात निदान सिंकखालचे खोके, त्याच्या दोन्ही बाजूंची खोकी आणि पावसाळी भिंतीवरची कपाटे याच प्लायची असावीत. फळीवर आयएसआयचे चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि परवाना क्रमांक छापलेला असतो. लॅमिनेट (वरचा पातळ रंगीत थर) चिकटवल्यावर तो दिसत नाही, म्हणून कापण्यापूर्वी फळ्या स्वतः पाहाव्यात किंवा छायाचित्रे मागवावीत, आणि बिलावर ‘आयएस ७१०’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. ‘वॉटरप्रूफ प्लाय’ एवढेच लिहिलेल्या बिलाचा पुढे तक्रार करताना उपयोग होत नाही.

डब्ल्यूपीसी फळीला वाळवी लागत नाही आणि ती पाण्याने फुगत नाही, त्यामुळे ती कोकणासाठी सर्वच दृष्टींनी उत्तम, असे विक्रेते सांगतात. यातले अर्धेच खरे आहे. ही फळी लांब फडताळावर वजन पडले की वाकते, तिच्यात स्क्रूची पकड प्लायइतकी घट्ट नसते, आणि शेगडीजवळच्या उष्णतेने ती नरम पडू शकते. सिंकखाली आणि जमिनीलगत ती जरूर वापरावी. तांदळाचे डबे पेलणाऱ्या रुंद खणांना आणि जड दारांना प्लायच योग्य.

चांगली फळी घेऊनही काम बिघडते ते कडेला. पाणी सपाट बाजूने फार शिरत नाही, ते कापलेल्या कडेतून, स्क्रूच्या भोकातून आणि नळासाठी पाडलेल्या खाचेतून शिरते. म्हणून दिसणाऱ्या कडांप्रमाणेच न दिसणाऱ्या चारही कडांना पीव्हीसी पट्टी यंत्राने गरम चिकटवलेली असावी. साइटवर कापलेली प्रत्येक कड आणि पाइपसाठी पाडलेले प्रत्येक भोक रंग किंवा सिलिकोन लावून बंद केलेले असावे. लॅमिनेट दोन्ही बाजूंना असावे, कारण एकाच बाजूला लावलेली फळी दुसऱ्या बाजूने ओल ओढते आणि दार पीळ धरते. कारागिराशी बोलताना नेमका हाच प्रश्न विचारावा आणि पहिले खोके घरी आले की उलटे करून त्याच्या तळाची कड पाहावी.

खोके जमिनीला टेकू नये. त्याखाली सुमारे चार इंचांचे, उंची कमीजास्त करता येणारे प्लास्टिकचे पाय असावेत आणि समोरची पट्टी पीव्हीसी किंवा ॲल्युमिनियमची, खेचून काढता येण्यासारखी असावी, म्हणजे फरशी धुता येते आणि वाळवीची मातीची नळी वेळीच दिसते. जुन्या घरात काम सुरू करण्यापूर्वी वाळवी-प्रतिबंधक फवारणी करून घ्यावी. त्यासाठी आयएस ६३१३ हे मानक आहे आणि त्याचा एक भाग खास बांधून झालेल्या इमारतींसाठी आहे. भिंत आणि कपाटाची पाठ यांच्यात इंचभर तरी हवा खेळावी. वरची कपाटे चिऱ्याच्या भिंतीवर टांगताना साधे प्लग भुसभुशीत जागी सैल होतात. म्हणून धातूची सलग पट्टी लांब बोल्टांनी अनेक ठिकाणी पक्की करून कपाटांचे वजन तिच्यावर विभागावे, आणि जिथे चिरा अगदीच पोकळ लागेल तिथे रासायनिक गोंदाने बसवायचे बोल्ट वापरावेत.

ज्यांचे घर वर्षातले आठ-नऊ महिने बंद असते त्या चाकरमानी कुटुंबांना मी आणखी एक पर्याय सुचवते. ओट्याखाली लाकडी खोकी न करता कडाप्प्याच्या उभ्या फळ्यांनी खण पाडावेत, त्यांत स्टीलच्या ट्रॉल्या बसवाव्यात आणि पुढे फक्त ॲल्युमिनियमच्या चौकटीची दारे लावावीत. गवंडी हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. यात फुगायला काही उरत नाही आणि वाळवीलाही खायला काही मिळत नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. अशा पुराच्या पाण्यात बुडालेला दगडी खण धुऊन पुन्हा वापरता येतो, पण भुशाच्या फळीचे खोके फेकूनच द्यावे लागते. नदीकाठच्या आणि खाडीकाठच्या घरांनी तळमजल्यावर तरी हाच विचार करावा.

बिजागऱ्या, ट्रॉल्या आणि सिंक

‘स्टेनलेस स्टील’ या नावाखाली बाजारात वेगवेगळ्या प्रती विकल्या जातात. ३०४ प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ प्रतीत निकेल बरेच कमी करून मँगॅनीज वापरलेले असते, त्यामुळे ती स्वस्त पडते आणि खाऱ्या हवेत लवकर डागाळते. ३१६ प्रतीत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि क्लोराइडपासून पडणाऱ्या बारीक खड्ड्यांना ती सर्वांत चांगली तोंड देते. लोहचुंबक लावून पाहण्याची युक्ती इथे उपयोगाची नाही, कारण ३०४ आणि २०२ या दोन्हींना चुंबक जवळजवळ चिकटत नाही. प्रत छापलेली पाहावी आणि बिलावर लिहून घ्यावी. समुद्र अगदी समोर असेल तर बाहेरच्या सिंकसाठी आणि दारांच्या मुठींसाठी ३१६ शोधावे, बाकी सगळीकडे ३०४ पुरे. सिंक ब्लीच किंवा क्लोरीनयुक्त पावडरीने घासू नये, कारण क्लोराइडच त्या धातूचा शत्रू आहे.

आपोआप हळू मिटणाऱ्या बिजागऱ्या आणि सरकत्या खणांचे चॅनेल (खण ज्यांवर सरकतो त्या पट्ट्या) बहुधा मुलामा दिलेल्या साध्या पोलादाचे असतात. तिथे खर्च कमी करू नये. शंभर सुंदर दारांपेक्षा दहा वर्षे न अडकणारा तळाचा खण घरात जास्त उपयोगी पडतो. चॅनेलवर किती किलो वजन चालेल हे लिहिलेले असते, आणि तांदूळ, नारळ व बिडाचे तवे ज्या खणात राहणार त्यासाठी ५० किलोच्या आसपास क्षमतेचे चॅनेल घ्यावेत. कोपऱ्यात फिरणारी चक्रे आणि उंच सरकती कोठारे दिसायला आकर्षक असतात, पण त्यांत हलणारे सांधे जास्त, आणि कुडाळला किंवा देवगडला त्यांचा सुटा भाग मिळेलच असे नाही. कोपऱ्यात मी साधे खोल फडताळच ठेवेन आणि वर्षाकाठी लागणारी भांडी तिथे घालेन. कांदे, बटाटे आणि नारळ यांच्या खणाला जाळीचे दार हवे. सुकट, सोडे आणि सुके बोंबील घट्ट झाकणाच्या डब्यात भरून शेगडीपासून दूरच्या एकाच खणात ठेवावेत, म्हणजे त्यांचा वास पिठात शिरत नाही.

ओट्याचा दगड

इथे निवड फार अवघड नाही. आपल्या स्वयंपाकात कोकम, चिंच, लिंबू आणि कैरी यांचे पाणी रोज ओट्यावर सांडते. संगमरवर आणि कडाप्पा हे दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड, त्यामुळे आंबट लागले की त्यांची चकाकी जाते आणि पांढुरके डाग पडतात. म्हणून कडाप्पा उभ्या फळ्यांसाठी ठीक, वरच्या पृष्ठभागासाठी नाही. क्वार्ट्झ म्हणून विकला जाणारा कृत्रिम दगड क्वार्ट्झचा चुरा रेझिनमध्ये घट्ट बांधून केलेला असतो. त्याला डाग पडत नाहीत, परंतु शेगडीवरून उतरवलेला बिडाचा तवा त्यावर तसाच ठेवला तर रेझिन करपू शकते. घावणे आणि आंबोळ्या रोज होणाऱ्या घरात १८ ते २० मिलिमीटर जाडीचा गडद ग्रॅनाइट हाच सर्वांत भरवशाचा. तो बसवल्यावर सीलर लावून घ्यावा आणि जोड सिंकपासून दूर ठेवावा.

ओट्याची पुढची कड दारांच्या पुढे इंचभर यावी आणि तिच्या खालच्या बाजूने बारीक खाच मारलेली असावी, म्हणजे सांडलेले पाणी खालून सरकत दारावर न येता खाचेशी थेंबरूपाने गळून पडते. नारळ खवण्यासाठी कडेला आवळून बसवायची खवणी वापरत असाल तर दोन फुटांचा एक भाग जाड नक्षीदार पट्टीविना साधा सोडावा, नाहीतर खवणीचा स्क्रू तिथे बसत नाही.

गॅस, चिमणी आणि वीज

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो वर न जाता जमिनीलगत साचतो. बंद कपाटात ठेवलेल्या सिलिंडरभोवती तो साचून राहिला आणि तिथेच विजेचे बटण असले तर काय होऊ शकते हे वेगळे सांगायला नको. म्हणून सिलिंडर शक्यतो बंद कपाटात ठेवूच नये. मागच्या पडवीत, पाऊस न लागणाऱ्या आणि हवेशीर जागी ठेवून तांब्याची नळी जाणकाराकडून आत आणावी. आत ठेवणे भागच असेल तर त्या खणाला अगदी तळाशी बाहेर उघडणारी जाळी द्यावी, त्यात विजेचा एकही सॉकेट नसावा, सिलिंडर उभाच राहावा आणि शेगडीची पातळी त्याच्यापेक्षा वर असावी. रबरी नळी आयएसआय चिन्हाची, दीड मीटरपेक्षा लांब नसलेली आणि पूर्ण लांबी डोळ्यांना दिसेल अशी हवी. ती कपाटाच्या पाठीमागून ओढू नये. हॉब घेताना ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी सोय असलेला घ्यावा, कारण समुद्राकडच्या खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याने मंद ज्योत नकळत विझते.

वर सांगितलेल्या बावीस लिटर वाफेमुळे चिमणीचा निर्णय कोकणात तेलाच्या धुरापुरता राहत नाही. जी चिमणी हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडते ती धूर थोडाफार कमी करते, पण वाफ तशीच परत देते. इथे नळीने हवा बाहेर टाकणारी चिमणीच घ्यावी. ती शेगडीपासून २६ ते ३० इंच वर असावी, तिची नळी सहा इंच व्यासाची, आखूड आणि कमीत कमी वळणांची असावी, कारण प्रत्येक वळण खेचण्याची ताकद घटवते. नळीचे तोंड नैर्ऋत्येकडच्या पावसाळी भिंतीतून काढू नये. तेच भाग पडत असेल तर त्यावर खाली झुकलेली टोपी आणि आपोआप मिटणारी झडप लावावी, नाहीतर झडीचे पाणी उलटे मोटरीपर्यंत येते. चिमणी हवा बाहेर ओढते तेव्हा तेवढीच हवा कुठूनतरी आत यावी लागते, म्हणून समोरच्या बाजूला एखादी झडपेची खिडकी पावसातही उघडी ठेवता येईल अशी योजावी.

विजेचा हिशेब कपाटे ठरण्याआधी व्हायला हवा. ओव्हन दोन ते साडेतीन हजार वॅट घेतो आणि इंडक्शन शेगडी सुमारे दोन हजार. या प्रत्येकाला मुख्य पेटीतून स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारे बटण) आणि १६ अँपिअरचा सॉकेट द्यावा. सगळे एकदम चालले तर महावितरणकडून मंजूर असलेला भार पुरेल का हे वायरमनकडून तपासून घ्यावे. दमट भिंती आणि ओले हात असलेल्या खोलीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच ती तोडणारे बटण) आणि चांगले अर्थिंग अपरिहार्य आहे. बसवायच्या उपकरणांचे सॉकेट त्यांच्या मागे न ठेवता शेजारच्या खोक्यात ठेवावेत, म्हणजे उपकरण बाहेर न काढता वीज तोडता येते. ओव्हनच्या आणि फ्रीजच्या मागे-वर कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा सोडावीच. ती सोडली नाही तर आतली उष्णता बाहेर जात नाही आणि शेजारच्या फळीचे लॅमिनेट सुटते.

एक गोष्ट मनापासून सांगाविशी वाटते. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागांत पुष्कळ दिवस वीज नव्हती. म्हणून सगळा स्वयंपाक विजेवर आणणे किनाऱ्यावर शहाणपणाचे नाही. हॉब काडीने पेटवता येईल असा असावा, आणि जागा असेल तर मागील दारची चूल मोडू नये. भांडी धुण्याचे यंत्र घ्यायचे तर आधी पाणी तपासावे, कारण खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात आणि खारे पाणी यंत्राच्या आतल्या स्टीलला मानवत नाही.

दरपत्रक आणि कामाचा क्रम

दरपत्रकात भाव कधी चौरस फुटाने, कधी धावत्या फुटाने, तर कधी खोक्यागणिक दिलेला असतो, त्यामुळे दोन दुकानांची तुलना करण्याआधी मोजण्याची पद्धत एक करून घ्यावी. कोपऱ्यात गल्लत सर्वाधिक होते. समजा काटकोनातला ओटा एका भिंतीवर आठ फूट आणि दुसरीवर सहा फूट आहे आणि त्याची खोली दोन फूट आहे. आठ आणि सहाची बेरीज चौदा करून दोनाने गुणले तर दगड अठ्ठावीस चौरस फूट होतो. पण कोपऱ्यातला दोन फुटांचा चौकोन यात दोनदा मोजला गेलेला असतो. खरा दगड चोवीस चौरस फूट आहे. फळीची जात, लॅमिनेटची जाडी, बिजागरीची प्रत, चॅनेलची क्षमता, घाटातून सामान आणण्याचे भाडे आणि दुरुस्तीसाठी माणूस तुमच्या गावापर्यंत येणार की नाही, हे सगळे त्याच कागदावर असावे.

काम पावसाळ्यापूर्वी संपेल असे आखावे. दिवाळीनंतर नळ आणि विजेची कामे, मग गिलावा आणि टाइल्स, त्या पूर्ण सुकल्यावर मापे, आणि मार्च-एप्रिलमध्ये खोकी बसवणे, हा क्रम सोयीचा. टाइल्स लागण्याआधी घेतलेली मापे जवळजवळ नेहमी चुकतात, आणि जुलैत उघड्यावर उतरवलेल्या फळ्या बसण्याआधीच ओल पितात. टाइल्स लावण्यापूर्वी भिंतीतल्या नळ्या आणि तारा यांची छायाचित्रे मोजपट्टी धरून काढून ठेवावीत, म्हणजे पुढे बोल्टासाठी भोक पाडताना नळी फुटत नाही.

गणपतीनंतर घर बंद करून जाणाऱ्यांनी सगळी दारे आणि खण चार बोटे उघडे ठेवावेत, सिंकखालचा मुख्य नळ बंद करावा, फ्रीज रिकामा करून त्याचे दार फटीत ठेवावे, चिमणी व ओव्हनची वीज पेटीतूनच तोडावी आणि सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावावी. गावात कोणी शेजारी असतील तर महिन्यातून एकदा उघडीप मिळेल तेव्हा खिडक्या उघडून पंखा तासभर चालवावा, अशी विनंती त्यांना करून ठेवावी. आणि कारागीर काम आटपून निघण्याआधी त्याच रंगाच्या लॅमिनेटचा एक तुकडा, कडेच्या पट्टीचे दोन-तीन मीटर, दोन बिजागऱ्या आणि खणांच्या मापांचा सही केलेला नकाशा त्याच्याकडून मागून घ्यावा आणि माळ्यावर न टाकता पत्र्याच्या कोरड्या पेटीत ठेवावा.